यूबाईची दोन स्टुलं

यूबाईचा मेसेज आला तेव्हा मी सुधाकरांच्या मोज्यांवर नावाच्या पट्ट्या शिवत होते. केअर होमवाल्यांनी बजावलं होतं, प्रत्येक कपड्यावर नाव हवं, नाहीतर लाँड्रीत गेलेलं परत येईलच असं नाही. स्वेटर झाले होते, मोजे राहिले होते, आणि माझी कंबर केव्हाच संपावर गेली होती.

फोटो नेहमीचाच. युन्नानच्या डोंगरातलं हिरव्या जाळीचं खोपटं, आत दोन बुटकी स्टुलं, स्वच्छ पुसलेली. खाली फोनच्या मराठीत: 'स्टूल तयार आहे. पक्षी येत आहे. तुम्ही कधी येत आहात?' दोन वर्षं झाली, हे असंच येतं. मी उत्तर देत नाही. चूक माझीच होती, म्हणून तर अजिबातच देववत नाही.

सुधाकर, म्हणजे माझे यजमान, इथे कॅनडात, कॅल्गरीला पाइपलाइनचे इंजिनिअर होते. रिटायर झाले आणि पक्ष्यांच्या मागे लागले. दोन वर्षांपूर्वी आम्ही चीनला गेलो ते ह्यांच्या यादीसाठी. मी आपली थर्मास धरायला. डोंगर असे, की एका वळणावर एक भाषा आणि पुढच्या वळणावर दुसरी. ड्रायव्हर बाय जमातीचा, जेवण दाई जमातीच्या एका बाईच्या हातचं, आणि पक्षी बघायचं खोपटं लिसू जमातीच्या यूबाईचं. सुधाकरांनी दोनशे बारा पक्षी लिहिले. मी माणसं बघितली: बायकांची मुंडाशी, भरतकामाचे पट्टे, पाठीवरच्या टोपल्या. यूबाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, पण हात राबून राबून माझ्या आईसारखे झालेले.

सुधाकरांना हवा होता गूल्ड्स शॉर्टविंग. उंदरासारखा जमिनीवरून तुरुतुरु पळणारा एवढासा पक्षी. त्याच्यासाठी आम्ही तीन दिवस त्या स्टुलांवर बसलो. यूबाई ओंडक्यावर अळ्या टाकायची आणि आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. बाकी सगळे जेवून गेले, हा पठ्ठ्या काही आला नाही.

निघताना मी यूबाईचा हात धरून म्हटलं, "येतो हं आम्ही." निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. फोननं ते चिनीत सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला. "कधी?" फोननं विचारलं. मी म्हटलं, "बघू." आपल्यात 'बघू' म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. पण फोननं तिला सांगितलं, आम्ही येणार आणि बघणार. तिनं मान हलवली आणि ती दोन्ही स्टुलं उचलून कोपऱ्यात नीट ठेवली. गाडीत ड्रायव्हरनं मोडक्या इंग्लिशमध्ये खुलासा केला, तेव्हा सुधाकर डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मी त्याच वेळी उतरून दुरुस्त करायला हवं होतं. मी उतरले नाही.

त्याच हिवाळ्यात सुधाकरांच्या हाताचा कंप वाढला. पार्किन्सन्स. आधी दुर्बीण सुटली, मग बटणं, मग पाय. या जानेवारीत दोनदा वॉशरूममध्ये पडले आणि दोन्ही वेळा उचलायला फायर ट्रक बोलवावा लागला. दुसऱ्यांदा पडले तेव्हा मला काळजी नाही वाटली, राग आला. जमिनीवर पडलेल्या माणसाचा राग! त्या रागाचीच मला भीती वाटली, आणि मी केअर होमचा फॉर्म भरला. गौरांगी, आमची लेक, व्हँकुव्हरहून फोनवर म्हणाली, "मॉम, यू कान्ट लिफ्ट हिम. इट्स ओके." इट्स ओके म्हणायला व्हँकुव्हरहून काय जातं?

"कुणाचा मेसेज?" सुधाकरांनी खुर्चीतून विचारलं.

"यूबाईचा. स्टुलं तयार आहेत म्हणते."

"तू अजून सांगितलं नाहीस तिला?"

"काय सांगू?"

"नाही म्हणून. तिला झुलवत कशाला ठेवतेस, लता? बाई दोन वर्षं स्टुलं पुसतेय."

मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. हल्ली आवाज फार बारीक झालाय. "आम्ही येणार नाही," ते म्हणाले. "मला चालवत नाही. ती स्टुलं दुसऱ्या कुणाला दे."

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'समजले. आता वाट बघणार नाही.' मी ते वाचून दाखवलं आणि मला रडूच फुटलं. सुधाकर रडले नाहीत. मोजे आण म्हणाले, केअर होमला जायला उशीर होतोय.

केअर होमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून पार्किंग लॉट, मळक्या बर्फाचे ढीग आणि त्यावर एक काळापांढरा मॅगपाय पक्षी. मी कपडे लावले, नर्सला गोळ्यांची यादी दिली, दुर्बीण खिडकीत ठेवली. ती धरता येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. चार वाजता नर्स हळूच म्हणाली, "फर्स्ट डेला फॅमिलीनं फार वेळ न थांबणं बरं." पंजाबी मुलगी; हे ती हिंदीत म्हणाली, मीच आपलं मराठीत ऐकलं, इतकी मी दमले होते. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. घरी जायचं आणि झोपायचं. कुणाच्या हाकेकडे कान न लावता नुसतं झोपायचं.

मी कोट चढवला. "येते हं," म्हटलं.

सुधाकर म्हणाले, "कुठलं येते? आपलं, का फोनचं?"



"फोनचं," मी म्हटलं.

"कधी?"

'बघू' अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. "उद्या. साडेदहाला."

"मग ती दुसरी खुर्ची खिडकीपाशी ओढून ठेव."

मी खुर्ची ओढली, हातानं पुसली, आणि निघाले.