गाडी निघाली आहे

चष्मेवाल्या वहिनींचं दुकान चौकाच्या तोंडाशी. काउंटरमागून मान वर केली की समोर पत्र्याची शेड दिसायची, शेडीत उभी असलेली अँब्युलन्स आणि तिच्या सावलीत स्टुलावर बसून डुलक्या काढणारा चालक. शेडीला लागूनच बाजारातल्या बायकांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह होतं. देखणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. शेडीचा पत्रा वाऱ्यानं खडखडायचा, आणि स्वच्छतागृहाची कडी आतून हातानं धरून बसावं लागायचं. पण दोन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर होत्या. वेळेला उपयोगी पडत होत्या.

नव्या नगराध्यक्षांना त्याच जागी कारंजं हवं होतं. रंगीत दिव्यांचं, गाण्यावर नाचणारं. "बाहेरून येणाऱ्याला आपला चौक कसा दिसतो, याचा विचार कधी होणार?" असं त्यांनी सभेत विचारलं. आत राहणाऱ्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. अँब्युलन्स रेल्वे फाटकापलीकडच्या, नगरपालिकेच्या नव्या इमारतीत न्यायची, स्वच्छतागृहासाठी 'योग्य जागा शोधायची', असा ठराव एकमतानं मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत वहिनींचा धाकटा भाऊ बाळूही होता. त्याच्या निवडणुकीत वहिनी उन्हातान्हात दारोदार फिरल्या होत्या.

"अरे, गाडी फाटकापलीकडे? फाटक पडलं म्हणजे?" त्यांनी त्याला दुकानातच धरलं.

"ताई, सगळ्यांनी हात वर केल्यावर मी एकट्यानं खाली ठेवून काय दिवे लावणार होतो?"

"दिवे लागतील की आता कारंज्यात," वहिनींचे यजमान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरची फ्रेम सरळ करत म्हणाले.

चष्मेवाले असेच. डोळे तपासताना एखाद्याला वरची ओळही वाचता आली नाही की म्हणायचे, "घाबरू नका, नगरसेवक व्हायला एवढी नजर पुरते." गिऱ्हाईक हसायचं, बाळूही हसायचा. माणूस दिवसभर बोलायचा आणि कुणाला कंटाळा यायचा नाही. संसारात वहिनी हिशेबी आणि तुटक, ते मोकळेढाकळे. दुकान चालायचं ते त्यांच्या तोंडावर.

शेड पाडली, स्वच्छतागृह पाडलं, कारंजं उडू लागलं. बाजारातल्या बायका अडल्यानडल्या वहिनींच्या दुकानामागच्या मोरीत येऊ लागल्या. पहिल्यांदा संकोचून, मग सरळ काउंटरला वळसा घालून. वहिनी कुरकुरायच्या, पण आत पाण्याची बादली भरून ठेवायच्या.

मग एका सकाळी मिरच्या विकणारी मावशी नवा चष्मा न्यायला आली. चष्मेवाले तिच्या कानामागची काडी वाकवून बघत होते आणि काहीतरी सांगत होते. सांगता सांगता शब्द एकमेकांत अडकायला लागले. मावशीला वाटलं, गंमत करताहेत. ती खो खो हसली. तेवढ्यात त्यांच्या हातातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काचेवर पडला. त्यांनी तो उचलायचा म्हटलं, पण हात पुढे गेलाच नाही. ओठाचा एक कोपरा खाली ओघळला.

वहिनींनी त्यांना धरून खाली निजवलं आणि फोन लावला.

"गाडी निघाली आहे," पलीकडून आवाज आला. "पेशंटला हलवू नका."

दारात भाजीचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाला धावत आत आला. "वहिनी, मागं गादी टाकतो. हॉस्पिटल फाटकाच्या आपल्याच अंगाला आहे, हमरस्त्याला. आत्ता पोचवतो."

"नको रे. हलवू नका म्हणतात. गाडी निघालीय."

पुढे आयुष्यभर वहिनींना जाळत राहिलं ते हे वाक्य. त्यांनी पुन्हा फोन केला. निघालीय. पुन्हा केला. पोचतच असेल. टेम्पोवाला दारात चुळबुळत उभा होता, मावशी पदरानं वारा घालत होती, आणि समोर कारंजं कुठल्याशा गाण्यावर खालीवर होत होतं. चष्मेवाल्यांचे डोळे उघडे होते. ते वहिनींकडे बघत होते आणि त्यांना सगळं समजत होतं.

गाडी येईपर्यंत टेम्पो दोनदा जाऊन आला असता. हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती, गोड बोलायचं अजून शिकली नव्हती. ती म्हणाली, "या आजारात जितका उशीर, तितकं नुकसान. तुम्हाला खूप उशीर झाला."

ते वाचले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतून एकच उरला, 'बरं'. पाणी हवंय का? बरं. दुखतंय का? बरं. त्यांना दुसरंच काही म्हणायचं असायचं, ते तोंडातून 'बरं' होऊन बाहेर पडायचं. ते ऐकून ते स्वतःच चिडायचे, डाव्या हातानं उशी बडवायचे, आणि रडताना तेच म्हणायचे. बरं, बरं, बरं.

घरी आणल्यानंतर अँब्युलन्सचा चालक एक दिवस दाराशी येऊन उभा राहिला. आत यायला तयार होईना.

"वहिनी, मला झोप लागत नाही म्हणून आलो. त्या दिवशी फाटकात मालगाडी बंद पडली होती. मी तिथूनच नगरपालिकेच्या ऑफिसला कळवलं, की मी अडकलोय, त्या माणसांना दुसरी सोय करायला सांगा. ते म्हणाले, लोकांना उगाच घाबरवू नकोस."

वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. "म्हणजे मला सांगता आलं असतं?"

"सांगता आलं असतं."

"टेम्पो दारात होता माझ्या."

वहिनींनी चालकाला पाणी दिलं, पाठवलं, आणि मोरीत जाऊन पितळी तांब्या भिंतीवर असा हाणला की त्याला पोचा पडला.

बाळू आला तो फळांची पिशवी घेऊन. खुर्चीच्या टोकावर बसला. दाजींकडे बघायचं टाळत म्हणाला, "ताई, अध्यक्षांना फार वाईट वाटलंय. ते स्वतः येणार आहेत. व्हीलचेअर भेट द्यायची म्हणतात. एक फोटोग्राफर बरोबर असेल, बस."

"फोटोग्राफर कशाला? चेहरा वाकडा झालाय तो नीट दिसावा म्हणून?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? मी सभेत येणार आहे. मला विचारायचंय."

बाळू गडबडला. "सभेत नको. मी त्यांच्याच गटात आहे, माझी पंचाईत होते. आणि झालं ते आता बदलणार आहे का? तू शांत डोक्यानं..."

"ऊठ," वहिनी म्हणाल्या.

"ताई..."

"ऊठ म्हटलं ना! तुला मी कडेवर घेऊन वाढवला. माझ्या घासातला घास दिला. त्याची परतफेड कधी मागितली नाही. पण माझ्या घरात बसून मला शांत राहा म्हणायचं नाही. उचल ती पिशवी."

पलंगावरून चष्मेवाले म्हणाले, "बरं." त्यांना काय म्हणायचं होतं ते कुणाला कळलं नाही. बाळू पिशवी घेऊन गेला.

महिन्याच्या सभेत लोकांना प्रश्न विचारायला थोडा वेळ असतो. एरवी तिथं कुणी फिरकत नाही. त्या दिवशी वहिनींच्या मागोमाग मिरचीवाली मावशी, फुलवाली, भांडेवाली, अशा बाजारातल्या कितीतरी बायका गार हवेच्या त्या सभागृहात शिरल्या आणि मऊ खुर्च्यांवर बसल्या. वहिनींनी माइक हातात घेऊन काय घडलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही.

अध्यक्षांनी मान हलवत ऐकलं. मग म्हणाले, "घटना अत्यंत दुर्दैवी. आम्ही सगळे आपल्या दुःखात सहभागी आहोत. परंतु फाटक रेल्वेच्या ताब्यात आहे. त्यात नगरपालिका काय करणार?"

"फाटक रेल्वेचं. गाडी कुणाची?"

"गाडी आपलीच. ती सेवेत तत्पर आहे."

"तत्पर? ती तिकडे उभी होती आणि तुमचं ऑफिस मला थापा मारत होतं! सरळ सांगितलं असतं तर मी नवऱ्याला पाठीवर टाकून नेला असता! तो माणूस बोलायचा हो. दिवसभर बोलायचा. माझ्या घरात आता कुणी बोलत नाही, आणि बाहेर तुमचं कारंजं गाणी म्हणतं!"

अध्यक्षांनी टेबलावरचं बटण दाबलं. माइकचा लाल दिवा विझला. वहिनींनी तो माइक टेबलावर ठेवला आणि त्याच्याशिवाय बोलू लागल्या. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता.

मावशीही उभी राहिली. "आणि आमचं काय? आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही. प्यायलं तर जायचं कुठं? लघवीला जळजळतं, डॉक्टर म्हणतात पाणी पी."

एक सभासद फसकन हसला.

"हसा," वहिनी त्याच्याकडे वळल्या. "तुमच्या घरातल्या बाईला दिवसभर दाबून ठेवायला सांगा, आणि मग हसा!" तो कागदात डोकं घालून बसला. वहिनींची नजर फिरत फिरत भावावर येऊन थांबली.

"बाळू, तू सांग. हात वर केलास तेव्हा फाटक तुला ठाऊक नव्हतं? आपण फाटकापलीकडेच वाढलो ना? शाळेत उशिरा पोचून रोज छड्या कशापायी खाल्ल्यास?"

सगळे मान वळवून बघायला लागले. बाळूच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं पाण्याची बाटली उघडली, तशीच बंद केली.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. त्याचा माइक चालू होता. "सगळ्यांनाच ठाऊक होतं. चालक आधीच येऊन सांगून गेला होता, गाडी अडकेल म्हणून. अध्यक्ष म्हणाले, फाटक काय रोज पडतं का. आम्ही कुणी पुढे बोललो नाही."

"हे रेकॉर्डवर घेऊ नका!" अध्यक्ष ओरडले.

"घ्या," बाळू उभा राहिला. "आणि माझा ठराव घ्या. गाडी परत चौकात आणायची. आत्ता मत घ्या."

मत घेतलं नाही. विषय पत्रिकेवर नाही, म्हणून पुढच्या सभेत, असं सांगून अध्यक्ष मागच्या दारानं निघून गेले. दिवे मालवले गेले. अंधुक उजेडात बायका बसून राहिल्या. भावानं खरं बोलल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण वहिनींच्या मनात एकच घोळत होतं : ठाऊक होतं. म्हणजे चूकसुद्धा नव्हती ती. ठाऊक होतं.

"पुढच्या सभेपर्यंत मी काय पाणी पिणं सोडू?" मावशी म्हणाली, आणि उठून सरळ सभासदांसाठीच्या चकचकीत स्वच्छतागृहात गेली. बाहेर आली ती हसत. "आत साबण आहे गं! आरसा पण आहे!"

दुसऱ्या दिवसापासून बाजार तिकडे लोटला. फुलवाल्या, भाजीवाल्या, त्यांच्या सुना, लेकी, गिऱ्हाईक बायकासुद्धा. फाटक ओलांडून, चिखलाच्या चपलांनी, गुळगुळीत फरशीवरून रांग. शिपाई अडवायला आला तर वहिनी म्हणायच्या, "योग्य जागा शोधताय ना? आम्ही शोधली." सभासदांना स्वतःच्याच इमारतीत ताटकळावं लागलं. हसणारे महाशय एकदा रांगेत शेवटी उभे होते, पायांवर पाय चोळत. त्यांना कुणीही पुढे जाऊ दिलं नाही. शिपायानं कुलूप लावलं तर बायका अध्यक्षांच्या केबिनबाहेर सतरंजी टाकून बसल्या. कुलूप निघालं.

पुढच्या सभेत बायकांच्या स्वच्छतागृहाची भर घालून ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. कारंजं काढलं, शेड उभी राहिली, बायकांसाठी पक्कं स्वच्छतागृह बांधलं, आतून नीट लागणारी कडी असलेलं. बाळूला मात्र गटातून काढलं.

उद्घाटनाला अध्यक्षच आले. "जनतेच्या अडचणी आम्हाला कळतात," असं त्यांनी भाषणात सांगितलं, आणि फीत कापायला चष्मेवाल्या वहिनींना बोलावलं. वहिनी दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

"मी नाही येणार!" त्या तिथूनच ओरडल्या. "मोडलं तुम्ही, परत जोडायला लावलं आम्ही. तुमच्या फोटोत मी कशाला?"

टाळ्या वाजवायला आणलेली माणसं इकडेतिकडे बघू लागली. अध्यक्षांनी फीत स्वतःच कापली.

काही दिवसांनी भर दुपारी एका बाईला बाजारातच कळा सुरू झाल्या. हाक गेली, चालक स्टुलावरून उठला, गाडी शेडीबाहेर आली आणि तिला घेऊन हमरस्त्याला लागली. मावशीचं अजून पाणीसुद्धा आणून झालं नव्हतं. सगळा चौक खूश झाला. कुणीतरी वहिनींकडे बघून म्हणालं, "हे तुमच्यामुळं हं."

वहिनींना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना संताप आला. इतकं सोपं होतं हे. एक गाडी, एक पत्रा, एक माणूस. एवढंच हवं होतं त्या सकाळी, आणि तेवढंच यांनी उचलून नेलं होतं. त्यांनी हातातलं फडकं काउंटरवर आपटलं.

संध्याकाळी बाळू आला. तो हल्ली रोज येत असे, दाजींच्या हाताचा व्यायाम घ्यायला. बहीण त्याच्याशी बोलत नव्हती, तरी येत असे. तो पायरीखाली चपला काढून उभा राहिला.

"ताई, जाऊ आत?"

आतून चष्मेवाल्यांचा आवाज आला. तीच दोन अक्षरं, पण आज चढ्या सुरात, मेहुण्याची वाट बघत असल्यासारखी. वहिनींनी वळून भावाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी.

"जा," त्या म्हणाल्या. "मी अजून चिडलेली आहे. चहा तुझा तू कर, आणि त्यांनाही दे."