अंदाजाने भरलेलं इंजेक्शन

त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि औषधं देणारे भाऊ शेजारशेजारच्या खोल्यांत बसत. मधल्या भिंती वीतभर जाडीच्या; पण बोलणं "चहा झाला का?" याच्या पुढे जात नसे.

मधुमेही शिंपीकाका दर सोमवारी पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून घ्यायला सिस्टरकडे येत. "माझी शिवण उसवेल, तुमची पट्टी नाही सुटायची!" म्हणून तिला हसवत. पण जखम काही भरेना. सिस्टरने तसं कागदावर लिहिलं, बाईंनी इन्सुलिन वाढवलं, भाऊंनी ते दिलं. ज्याने त्याने आपलं काम चोख केलं.

एका सकाळी काका उठलेच नाहीत. रक्तातली साखर पार तळाला गेली होती.

पंधरा दिवसांनी काकू उरलेली औषधं परत द्यायला आल्या. तिघंही बाहेर आले.

"इंजेक्शन स्वतःच भरायचे," काकू म्हणाल्या. "सिरिंजवरच्या रेघा दिसायच्या नाहीत. खिडकीपाशी धरून अंदाजाने भरायचे."

भाऊंचा चेहरा उतरला. "मला म्हणाले होते, सुईत दोरा आता बायको ओवते. मी थट्टेवारी नेलं."

"माझ्यासमोर कागद कधी वाचायचे नाहीत," बाई पुटपुटल्या. "चष्मा घरी राहिला म्हणायचे."

सिस्टरला आठवलं, काका खुर्ची चाचपून बसायचे. तिला वाटलं होतं, पाय दुखतोय.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" काकूंनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. सिस्टर म्हणाली, "होतं, काकू. तिघांना थोडं थोडं. पण आम्ही एकमेकांशी बोललोच नाही."

काकूंनी औषधांची पिशवी टेबलावर ठेवली. "गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. मीही तोंड शिवून बसले." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिघं दार उघडण्याआधी अर्धा तास एकत्र बसू लागले. महिन्याभरातच एका आजींच्या दोन गोळ्या एकत्र घेणं घातक असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. आजी बचावल्या.

ते सांगायला सिस्टर काकांच्या दुकानात गेली. काकू राहिलेले कपडे शिवत होत्या.

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. मशीन थांबलं. "आमच्या ह्यांच्या वेळी बसला असतात, तर..."

सिस्टर शेजारी बसली. शिवून झालेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली.