औषध मारलेलं पाणी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर दोन ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात जलगुरू गावात कॅननं विकत ते. गुरूंनी दोन्हींत लोखंडी सळ्या सोडल्या आणि विजेचं बटण दाबलं. नळाचं पाणी बघता बघता तांबडं, गढूळ झालं. गुरूंचं जसंच्या तसं. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"टाकीत औषध मारतात म्हणे," गुरू गोड हसले. "औषध मारतात म्हणजे काय मारतात? पाणीच मारतात. नळाला येतं ते पाण्याचं मढं. आमचं जिवंत."

मागे उभ्या टाकीवालीच्या मस्तकात तिडीक गेली. अठरा वर्षं ती गावाच्या टाकीत क्लोरीन सोडत होती. "औषध मारून आले" हे तिचं रोजचं बोलणं, आणि या भामट्यानं त्याचंच भांडवल केलं होतं. त्यात तिची सख्खी धाकटी बहीण पहिल्या रांगेत मान डोलावत होती. हिची पोर घरात तीन दिवस जुलाबांनी निपचित पडलेली, आणि ही बया तिला जिवंत पाणी पाजत होती. डॉक्टरांनी दिलेली मीठ-साखरेची पुडीही त्यातच कालवणार होती, ती टाकीवालीनं सकाळीच हिसकावून घेतली होती.

ती तरातरा टेबलापाशी गेली.

"ताई, तमाशा नको," बहीण कडाडली. "तुझ्याच पाण्यानं पोर आजारी पडली."

"हाकला हिला," मागून कुणीतरी म्हणालं.

टाकीवालीनं पुडी फाडून गुरूंच्या ग्लासात ओतली.

"अश्रद्धेचा स्पर्श झाला की ऊर्जा..." गुरू चाचरले. तिनं बटण दाबलं. जिवंत पाणी तांबडंलाल झालं.

"हे बॅटरीत घालायचं पाणी आहे. त्यात क्षार नाहीत, म्हणून वीज वाहत नव्हती. नळाच्या पाण्यात असतात, यात आता मी घातले. वीज वाहिली की सळईचं लोखंड सुटतं. हा गंज सळईचा आहे, पाण्याचा नाही. आणि तुम्ही घरी नेता ते कॅन मागच्या उघड्या विहिरीवर भरतात, मी सकाळी डोळ्यांनी पाहिलंय. जिवंत आहे खरं ते पाणी. जंतू जिवंत आहेत त्यात. मी मारते ते त्यांना."

गुरू वायर गुंडाळू लागले.

बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, निघताना तिला दोन पेले पाजून आलेय गं मी."

"ऊठ. आधी दवाखाना."

दारात टाकीवाली गर्दीकडे वळली. "पाणी कुठून आणलं, त्यात काय घातलं, एवढं विचारत जा. त्याला विचारा, मलाही विचारा. पोराच्या तोंडाला पेला लावायच्या आधी विचारा."