थोरली रुसली

सकाळी मोटर लावली आणि गच्चीवरच्या टाकीत थेंबभरही पाणी चढलं नाही. रत्नागिरीत असं झालं असतं तर रेवतीच्या बाबांनी आधी वायरमनला शिव्या घातल्या असत्या, मग नगरपालिकेला, आणि मग चहा घेऊन स्वतःच मोटर उघडून बसले असते. झाशीच्या या घरात मात्र अलकनंदाबाईंनी सुनेच्या गळ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "थोरली रुसली."

लहान गावाचा वैताग रेवतीला काही नवा नव्हता. समुद्रकाठी वाढलेली मुलगी ती. तिथे पावसाचे चार महिने कपडे वाळत नाहीत, खाऱ्या हवेनं कपाटाच्या बिजागऱ्या खाल्लेल्या असतात, डब्यातला पापड मऊ पडतो, दुपारी दुकानदार फळी ओढून खुशाल झोपतात आणि वारा जरा कुठे सुटला की लाईट गेलीच. झाशीला समुद्र नाही, एवढाच काय तो फरक. तिकडचा वैताग ओला, इकडचा कोरडा. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद, नळाला पाण्याऐवजी नुसती हवा, आणि इलाइट चौराह्यावर रिक्षा अडकली की अडकली. पण रत्नागिरीत माणसं वैतागली की जित्याजागत्या माणसावर वैतागतात. इथे सगळं एका मेलेल्या बाईच्या नावावर जमा होत होतं.

ही थोरली म्हणजे मेघना, अंबरीशची पहिली बायको. बाळंतपणात गेली आणि पोटातलं पोरही बरोबर गेलं. तिच्या नावाचा चांदीचा टाक, नखाएवढा, बाईची आकृती ठोकलेला, रेवतीच्या मंगळसूत्रात ओवलेला होता. दुसरेपणावर आलेल्या मुलीनं पहिलीला गळ्यात वागवायचं, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी या घरातली चाल. पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते आलेच. मुलुख सुटला, पण अशा चाली मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपल्या. नवी साडी आधी टाकाला लावायची. हळदकुंकू आधी तिला. शिऱ्याचा पहिला घास तिच्या नावानं बाजूला. जिवंतपणी त्या पोरीचे एवढे लाड कुणी केले होते का, हे मात्र विचारायची सोय नव्हती.

तिच्या मरणाची हकिकत रेवतीला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आली होती आणि नंतर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकासमोर ती पुन्हा ऐकवली जाई. दवाखान्यात जायचं तर 'कल, कल' करत बसली. तिनंच उद्यावर ढकललं, आम्ही काय करणार. आणि आता अतृप्त फिरतेय, दुसरीचा संसार बघवत नाही तिला. ऐकणाऱ्या बायका मान हलवत आणि रेवतीच्या गळ्याकडे बघत.

मेघनाही कोकणातलीच, मालवणची. अलकनंदाबाईंना सुना लांबच्याच हव्या असत. रोज उठून माहेर दारात नको. बिचारीला शेवटपर्यंत हिंदी आली नाही, भाजीवाल्याशी खुणा करून बोलायची, असं सांगून त्या हसतही.

अंबरीश बिजौलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. माणूस वाईट नव्हता, पण आईपुढे तोंड उघडत नसे. त्याची मराठी म्हणजे खिचडी. त्यातून त्याच्या जिभेवर 'ळ' काही केल्या बसत नसे. केळी आणायला पाठवलं तर "केली आणली" म्हणून यायचा. रेवती त्याला मुद्दाम भोपळा म्हणायला लावायची. तो भोपला म्हणायचा आणि दोघं हसायची. त्या घरात हसू ऐकू यायचं ते एवढंच.

मेघनाचं नाव काढलं की तो उठून जाई. जेवताना त्याचा फोन ताटाशेजारी, झोपताना उशीखाली, आणि पहिल्या घंटीला तो दचकून उचलायचा. एकदाच, लाईट गेली म्हणून दोघं गच्चीवर पडली होती तेव्हा, तो आपणहून बोलला. "मुझे भी फोनवर तेच म्हणाली होती. कल या. म्हणून मी डबल ड्यूटी घेतली, रेवती. सुबह आलो तर आंगनमध्ये लोक." मग त्यानं कूस बदलली.

दिवस राहिल्यावर रेवतीला थोरली जास्तच जाणवायला लागली. भूत दिसलं वगैरे काही नाही. पण दुपारी टाक इतका तापायचा की कातडीला चटका बसे. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी तिचा हात आधी गळ्याशी जायचा. हळूहळू तीही म्हणायला लागली, थोरलीला विचारते, थोरलीला दाखवते. एकदा आरशासमोर उभी असताना तिच्या मनात आलं, मी गेले तर तिसरीच्या गळ्यात दोन टाक येतील.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून तिनं आईला फोन केला होता. अलकनंदाबाईंनी हसून मोडता घातला. तुमच्याकडे पाऊस, लाईट जाते, घाटात दरड कोसळते, ऐन वेळी मोठा डॉक्टर कुठे शोधायचा? रेवतीला हे खोटंही म्हणता येईना. ती स्वतःच तर या गोष्टींची इतकी वर्षं टिंगल करत आली होती. राहिली मग झाशीतच.

आणि तो दिवस आला. मोटर बंद पडली होती त्याच दिवशी, दुपारी, बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत असताना, रेवतीच्या कमरेतून एक कळ निघाली आणि ओटीपोटात उतरली. तिनं ओट्याची कड धरली. थोड्या वेळानं दुसरी आली. तिनं सासूबाईंना हाक मारली.

अलकनंदाबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पंचांग काढलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रेवतीला आतल्या खोलीत नेऊन निजवलं, कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली, आणि अगदी मायेनं सांगितलं की पाय जुळवून पड, जोर करू नकोस, उद्या सकाळी जाऊ. पट्टीचं पाणी डोळ्यांत गेलं तेही त्यांनी पदरानं टिपलं. रेवतीला बरं वाटलं. हे सांगायलाच हवं, कारण अशा वेळी मायेनं बोलणाऱ्या माणसाचा संशय येत नाही.

पण कळा थांबेनात. अलकनंदाबाई पाणी आणायला वळल्या तेव्हा रेवतीनं अंबरीशला फोन लावला. पलीकडे मशीनचा धडधडाट.

"अहो, कळ... कळ येतेय. या ना."

"कल? कल येऊ? आवाज नाही येत आहे. ठीक है, कल पाहू," असं काहीसं तो ओरडला आणि फोन तुटला.

रेवती हातातल्या फोनकडे बघत राहिली. तिला मेघना आठवली. मालवणची मुलगी. हिंदीचा गंध नाही. ती मरताना 'कल' कशाला म्हणेल?

थोरली उद्या म्हणालीच नव्हती. तिला कळ येत होती आणि ती नवऱ्याला या म्हणत होती. नवऱ्याच्या कानात 'ळ' नव्हता.

मान वर केली तर दारात अलकनंदाबाई उभ्या होत्या, हातात तांब्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. 'कळ' ऐकलं होतं आणि पलीकडून ओरडलेलं 'कल'ही. "झालं ना," त्या म्हणाल्या. "तोही म्हणतोय, कल."

रेवती उठून बसली. "आई, मेघनाला कळा येत होत्या, हे तुम्हाला ठाऊक होतं."

अलकनंदाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "उद्या सकाळपर्यंत मूळ आहे. मूळ नक्षत्रावर पोर झालं तर ते बापाच्या मुळावर येतं. नवरा तर गेला माझा. मला एकच मुलगा आहे, रेवती."

"तेव्हाही मूळच होतं?"

"पाय जुळवून पड म्हणतेय ना मी," त्या म्हणाल्या. "तिलाही तेच सांगितलं होतं. तिनं ऐकलं."

तिनं ऐकलं. एवढंच ते. एक शहाणी, सालस, सांगितलं ते ऐकणारी मुलगी पाय जुळवून पडून राहिली, आपल्या भाषेत नवऱ्याला हाक मारत राहिली, आणि मेल्यावर जिनं तिला निजवलं तिनंच तिला रुसकी, अतृप्त, घराला लागलेली पीडा ठरवून दुसरीच्या गळ्यात बांधलं. मोटर बिघडली, थोरली. दूध नासलं, थोरली. आपल्या हातचं पाप एका मुकीच्या पदरात घालायची ही किती सोयीची चाल. हिलाच आपण कुळाचार म्हणतो आणि वर नमस्कार करतो.

रेवतीनं पाय जमिनीला टेकवले. भिंत धरत ती ओसरीपर्यंत आली आणि समोरच्या घराकडे हाक मारली. तिथे माधुरी राहायची, रिक्षावाल्या मुकेशची बायको. ती काय झालं विचारत धावत आली. "का भओ, बिन्नू?"

रेवतीनं 'कळ' हा शब्द वापरलाच नाही. "दर्द. आज. अभी."

अलकनंदाबाई दारात आडव्या झाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते. मुलाच्या जिवाची भीती त्यांना खरोखर वाटत होती. थांब, त्या म्हणाल्या, थोरली तुला सोडायची नाही.

रेवतीनं टाक मुठीत धरला. "तिला घेऊनच चाललेय. त्या दिवशी ती इथेच राहिली होती."

इलाइट चौराह्यावर नेहमीसारखा जाम होता. मुकेशनं एक सणसणीत शिवी हासडली आणि रिक्षा छावनीच्या रस्त्याला घातली. तिथे कडुनिंबांची सावली, ना हॉर्न, ना गर्दी. त्या शांततेत रेवतीला आपलंच कण्हणं ऐकू येत होतं आणि क्षणभर वाटलं की दोघी कण्हताहेत. तिला भीती वाटली नाही. माधुरीनं रेवतीच्याच फोनवरून अंबरीशला गाठलं आणि 'दर्द' हा शब्द त्याला कळेपर्यंत ओरडून सांगितला.

मूळ चालू असतानाच मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाळेचा वेढा होता, सकाळपर्यंत थांबला असतात तर दोघीही हाती लागल्या नसत्या. मुळावरच्या मुलाचं तोंड बापानं शांतीचा विधी केल्याशिवाय बघायचं नसतं, असा अलकनंदाबाईंचा निरोप आला होता. तोवर अंबरीश पोरीला छातीशी धरून बसलाही होता. त्यानं हळूच विचारलं, "दोपहरला तू कल का म्हणालीस?"

"मी कल नाही म्हटलं. कळ म्हटलं. कळ म्हणजे दर्द."

त्यानं तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. मग त्यानं मुलीला तिच्या कुशीत ठेवलं, बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. फोन खिशात वाजत होता. तो त्यानं पहिल्यांदाच उचलला नाही.

बारशाला संध्याकाळी घर भरलं. जुन्या घराण्यांतल्या बायका होत्या, कंपनीच्या कॉलनीतल्या होत्या. नाव ठेवलं स्वरदा. घुगऱ्या वाटून झाल्यावर वयानं सगळ्यांत मोठ्या कुसुमावतीकाकू म्हणाल्या, थोरलीनं निभावून नेलं म्हणायचं या खेपेला. अलकनंदाबाईंनी मान डोलावली आणि सवयीनं सुरू झाल्या: "बाईच हट्टी होती हो. कल, कल करत बसली."

"कल नव्हती म्हणाली ती."

अंबरीश दारात उभा होता. बायका वळल्या.

"ती मला..." तो थांबला. "ती मला म्हणाली, कल." त्यानं मान हलवली. "कल. नाही. कल." त्याची जीभ टाळूला लागून परत येत होती आणि कपाळावर घाम साचला होता. कुणीतरी चुळबुळलं. रेवतीनं मदत केली नाही. हे त्याचं त्यालाच म्हणायला हवं होतं.

"कळ," तो म्हणाला. शब्द एकदाचा धड बाहेर पडला. "कळ येतेय म्हणत होती. मला समजलं नाही. मैं समझा ही नहीं." मग तो आईकडे वळला. "पण आई, तुझा ळ तर चोख आहे."

त्याच वेळी लाईट गेली. सगळ्यांच्या नजरा रेवतीच्या गळ्याकडे गेल्या असणार, इतक्या वर्षांची सवय ती. पण थोरलीचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. पाळण्यात मुलगी चुटचुट अंगठा चोखत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"आलं होतं रे ऐकू," अंधारात अलकनंदाबाई म्हणाल्या. "सगळी दुपार येत होतं."

लाईट येईपर्यंत कुणीही जागचं हललं नाही.