एका डब्यात दोन बिऱ्हाडं

मित्रांनो, मी बटणांच्या कारखान्यातला एक जुना सर्व्हर. आकाराने मध्यम, म्हणजे पाहुण्यांना दाखवायला लहान आणि दाराआड लपवायला मोठा.

मी आलो तेव्हा माझ्यासाठी खास थंड खोली केली होती. साच्यांवरचे कामगार घाम सुकवायला तिथे येत आणि "काय, बरंय ना याचं?" असं विचारून बराच वेळ रेंगाळत. माझी इतकी विचारपूस पुढे कुणी केली नाही. गोदामात कुठलं बटण किती शिल्लक आहे, हे फक्त मला ठाऊक असे. साहेब मला कारखान्याचा मेंदू म्हणत. मग सवय झाली, कौतुक आटलं आणि लोक मेंदूवर हेल्मेट ठेवू लागले.

खोली सांभाळायच्या त्या काकू. त्या कुणाच्याच काकू नव्हत्या, पण सगळे तसंच म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा.

एके दिवशी पगार विभागाने नवा प्रोग्रॅम आणला. त्याला नवी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. बटणांचा जुना प्रोग्रॅम मात्र जुनी सिस्टीम सोडायला तयार नव्हता.

"नवं यंत्र घेऊ, हे भंगारात द्या," साहेब म्हणाले. माझ्यासमोरच म्हणाले.

"चांगला दम आहे त्याच्यात," काकू म्हणाल्या. "अर्धा प्रोसेसर तर नुसता लोळत असतो. वाटणी करू."

"यंत्राची?"

"एकाच डब्यात दोन बिऱ्हाडं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क वाटून द्यायच्या. एकीकडे जुनी सिस्टीम आणि बटणं, दुसरीकडे नवी आणि पगार."

"आणि भांडली तर?"

"शेजारी कोणी राहतं, हे त्यांना कळतच नाही."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "आमच्या भावकीत बसवता येईल का हे?"

वाटणीला एक अट होती. माझ्या डिस्क आधी साफ पुसायच्या, मग कप्पे पाडायचे, मग टेपवर उतरवून ठेवलेल्या प्रतीवरून सगळं परत आत भरायचं. म्हणजे मी आधी नाहीसा होणार आणि नंतर बहुधा परत येणार. हा 'बहुधा' वाटणीसाठी बोलावलेल्या इंजिनिअरने अगदी सहज वापरला. मी त्याच्यावर बराच विचार केला. लोळणारा अर्धा प्रोसेसर त्या दिवशी कामाला लागला.

"टेप झाली ना, काकू? पुसतो मग," इंजिनिअर म्हणाला. त्याचं बोट कळीवर टेकलंच होतं.

"थांब. आधी ती वाचून दाखव."

"दर आठवड्याला टेप घेताय की. कपाट भरलंय."

"घेतो. वाचली कुणी कधी?"

त्याने टेप वाचायला लावली. काही आलं नाही. मागच्या आठवड्याची लावली, त्याच्या मागची लावली. सगळ्या कोऱ्या. टेपयंत्राच्या आत इतकी धूळ बसली होती की टेप नुसती फिरत होती, तिच्यावर उमटत काहीच नव्हतं. सफाई करा, असं सांगणारा एक पिवळा दिवा त्या यंत्रावर होता. त्याच्यावर कोटाचं एक मोठं बटण चिकटवलेलं निघालं.

"हे कुणी लावलं?" इंजिनिअरने विचारलं.

"मीच," काकू म्हणाल्या. "सारखा लुकलुकायचा मेला."

काकूंनी बटण नखाने उपटलं, टेपयंत्र साफ केलं, नवी टेप घेतली आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली. साहेब दोनदा डोकावून गेले, इंजिनिअरने जेवण पुढे ढकललं. मग त्या म्हणाल्या, "आता पूस."

मधलं मला काही आठवत नाही. आठवणारा तिथे नव्हताच.

जागा झालो तेव्हा अंगात अर्धीच मेमरी होती. मी तोच की माझ्यासारखा दुसरा कुणी, हे मला ठरवता येईना. काकूंनी विचारलं, "निळी, दोन भोकांची, किती?" मी आकडा दिला. त्या स्वतः गोदामात जाऊन मोजून आल्या. खूप वेळ लागला. "तोच आहे," त्या इंजिनिअरला म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मित्रांनो, एखादी गोष्ट कपाटात ठेवली म्हणजे ती जपली, असं नसतं. अधूनमधून ती काढून बघा. इकडे आलात तर शेजारच्या बिऱ्हाडाचीही टेप एकदा वाचून बघा. तो कोण, कसा, मला ठाऊक नाही. पण पंखा आमचा एकच आहे.