बोनेटवरची काळी चादर

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात भेटले तरी न बोलणारे शेजारी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, टाचा उंचावून बघत होते. बघायचं काय, तर दातांच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी. बोनेट उघडं, त्यावर काळी चादर आणि चादरीखाली खांद्यावरच्या झोळीसकट कमरेपर्यंत घुसलेले महाराज. मी त्यांना बोनेटबाबा म्हणायचो, अर्थात आई जवळपास नसताना.

"जाग, हे निद्रिस्त शक्ती, जाग!" चादरीखालून आवाज आला. "हं, फिरवा किल्ली!"

डॉक्टरीणबाईंनी किल्ली फिरवली. गाडी घुर्रर्र करून सुरू झाली आणि टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. आमचा दादा बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या तपासतो, पण तोही डोळे पुसत होता.

"आता ती निळी," बाबा चादर सावरत म्हणाले.

निळी म्हणजे वहिनीची. वहिनी लोकांना गाडी चालवायला शिकवते. छपरावर पाटी लावलेली ती छोटी गाडी म्हणजेच तिचा सगळा धंदा, आणि ती सारखी बंद पडत होती. आदल्या दिवशी महाराजांनी घरी येऊन निकाल दिला होता: "या वाहनाला बाईचा हात सोसत नाही. मी जागं करून देतो, पण यापुढे सूनबाईंनी स्टिअरिंगला शिवायचं नाही. शिवल्या, तर घरातल्या कर्त्या पुरुषावर बेतेल."

झालं! कर्ता पुरुष म्हणजे दादा, आणि दादात आईचा जीव अडकलेला. गाडी सुरू झाली की विकून टाकायची, असं आईनं जाहीर केलं. दादानं नंदीबैलासारखी मान हलवली. माझं डोकं असं सणकलं म्हणता! पण मी ओरडलो की आई रडते आणि आई रडली की दादा माझ्यावर ओरडतो, असं आमच्या घरचं चालतं.

वहिनी ओरडली नाही. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या माणसांशेजारी दिवसभर बसून तिचं डोकं थंड झालंय.

"महाराज, जरा थांबा," ती म्हणाली आणि गर्दीकडे वळली. "हल्ली कुणाकुणाच्या गाड्या बंद पडल्या? हात वर करा बघू."

भराभर हात वर झाले.

"आता ज्यांनी महाराजांचं सुगंधी यंत्र घेतलेलं नाही, त्यांनीच हात वर ठेवा."

सगळे हात खाली आले.

हे यंत्र म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची पितळी डबी. आत सुगंधी तेल, तेल तापवायला तार आणि वर लाल दिवा. 'अखंड तेवत ठेवा, रात्रीही काढू नका' अशी महाराजांची आज्ञा. आमची मंडळी इतकी आज्ञाधारक, की डबी हलू नये म्हणून वरून चिकटपट्टी मारलेली!

"आपल्या या गाड्यांत किल्ली काढली तरी त्या सॉकेटमध्ये वीज येत राहते," वहिनी म्हणाली. "इंजिन बंद, आणि तार रात्रभर तापतेय. बॅटरी बसणार नाही तर काय होईल?"

"अगं, पण मग महाराज सुरू कशी करतात?" आईनं विचारलं.

"आपणही करू की, आई. चादर न घालता."

"उघड्यावर शक्ती उडून जाते!" बाबा गरजले.

"उडू दे. भावजी, तुमची गाडी शेजारी आणा, तिच्या बॅटरीतून वीज घेऊ. एकमेकींना चिकटू देऊ नका."

मी आणली. वहिनीनं डिकीतून दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या लाल-काळ्या केबल काढल्या. "दोन्ही गाड्या बंद. दिवे, पंखा, रेडिओ, ती डबी, सगळं बंद. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच हव्यात. बॅटरी फुगली असेल किंवा गळत असेल, तर हात न लावता मेकॅनिकला बोलवायचं." मग तिनं लाल चिमटा आपल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावला, दुसरा लाल माझ्या बॅटरीच्या अधिक टोकाला आणि एक काळा माझ्याच उणे टोकाला. उरलेला काळा दादानं उत्साहानं उचलला.

"अहो, थांबा! तो बॅटरीला नाही." तिनं त्याचा हात धरला आणि तो चिमटा आपल्या इंजिनच्या रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला लावला. बारीक ठिणगी उडाली.

"शक्ती!" कुणीतरी ओरडलं.

"कसली शक्ती? ठिणगी आहे. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून शेवटचा चिमटा तिच्यापासून लांब लावायचा. महाराज चादरीखाली तोच वायू कोंडून घेतात आणि तुम्ही पोरांना घेऊन वाकून बघता."

पुढची रांग चटकन मागे सरली.

"आणि लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फ्यूज, अल्टरनेटर, गाडीतला कॉम्प्युटर, काहीही जळू शकतं. महाराज तर चादरीखाली हेच चिमटे अंधारात चाचपडून लावत असणार. अजून चुकले नाहीत, हाच काय तो चमत्कार!"

मी माझी गाडी चालू केली. काही मिनिटांनी वहिनीनं किल्ली फिरवली आणि निळी गाडी सुरू झाली. लावले त्याच्या उलट क्रमानं तिनं चिमटे काढले. टाळ्या मात्र पडल्या नाहीत. सगळे बाबांकडे बघत होते, आणि बाबा गेटकडे.

"महाराज, तुमची झोळी राहिली," आई भाबडेपणानं उचलायला गेली. "अगं बाई, केवढी जड!" झोळी कलंडली आणि आतून विटेएवढी बॅटरी बाहेर आली. तिला लाल-काळे चिमटे लोंबत होते.

"आई, ते चिमटे एकमेकांना लागू देऊ नका!" वहिनी धावली.

आईनं ते चिमटे लांब धरले आणि बाबांकडे पाहिलं. "माझ्या लेकाच्या जिवाची भीती घातलीत मला? माझ्या सुनेच्या पोटावर पाय द्यायला लावलात?"

बाबा गेटकडे सटकू लागले. डॉक्टरीणबाईंनी गेट लावलं आणि पोलिसांना फोन केला.

"आता निदान अर्धा तास फिरवायला हवी, म्हणजे बॅटरी जरा भरेल," वहिनी म्हणाली. आई तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. बेल्ट लावता येईना, तेव्हा वहिनीनं लावून दिला. "चुकलं गं माझं," आई म्हणाली. बाहेरून आम्हाला फक्त वहिनीनं आईच्या हातावर ठेवलेला हात दिसला. मग गाडी गेटबाहेर पडली.

माझं तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्या दारात येऊन चमत्कार करू लागला, तर आधी चादर काढायला सांगा. काढत नसेल, तर त्याच्या हाती गाडी देऊ नका, पैसा देऊ नका. आणि त्याच्या सांगण्यावरून घरातल्या बाईच्या हातची किल्ली तर मुळीच काढून घेऊ नका.