हळदीकुंकवाची पिल्लं

अलोऱ्याच्या आमच्या वसाहतीमागे तळं आहे. नव्याण्णव साली पावसाळाभर तिथे हळदीकुंकू बदकांची जोडी होती. काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. माझ्या वर्षभराच्या ईशाला भरवायला मी तिथेच उभी राहायची. बदकं शेपटी वर करून डोकं पाण्यात घालत, ती हसे, तेवढ्यात एक घास आत जाई. तिची आंघोळ मात्र सासूबाईंकडे. ओलं अंग हातातून निसटेल अशी मला सारखी भीती.

दसऱ्यानंतर तळ्याकाठचं गवत कापताना सासूबाईंच्या विळ्यापासून मादी फडफडत उडाली. खाली पिसांच्या घरट्यात अंडी. त्यांनी ती ओच्यात घेतली आणि परसातल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली.

"आई, ती परत येईल ना!"

"येऊन बसेल कुठं गो? आडोसा मीच कापला. कावळे ठेवतील काय? सवाशीण ती, तिची पोरं मरू देऊ?"

कोंबडी इमानाने बसली. सहा पिल्लं निघाली. टाकलेली कणी तुडवून गेली, चोच लावली नाही. इतक्या लहानपणी त्यांना किडे लागतात, हे मला कॉलेजातल्या प्राणिशास्त्रामुळे ठाऊक होतं. चहाच्या गाळणीने तळ्यातले किडे आणून टाकले, तर नुसती तुटून पडली.

"तुझी लेक अशी जेवली तर नवस फेडीन हो," सासूबाई म्हणाल्या. दोघी हसलो.

एके सकाळी मी दूध आणायला गेले होते. परतले तर ईशाच्या घंगाळात पाणी, पाण्यात पिल्लं आणि कडेने ओरडत फिरणारी कोंबडी. बदकीण पोटाखाली घेते तेव्हा तिच्या पिसांचं तेल पिल्लांना लागतं. कोंबडीकडे ते कुठून असणार? लव भिजून अंगाला चिकटली होती. पिल्लं बुडू लागली होती.

काढली, पुसली, शेगडीजवळ धरली. संध्याकाळपर्यंत एकेकाने मान टाकली.

"पाण्यातली जात म्हणून पाणी दिलं गो. पाणीच ना दिलं?"

"हो, आई."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी घंगाळ घासलं, ऊन पाणी काढलं, ईशाचं झबलं उतरवलं. मग तशाच बसून राहिल्या.

"आजपासून तूच न्हाऊ घाल हिला."

मी ईशाला घेतलं. कोंबडी पंख पसरून घंगाळाभोवती हाका मारत फिरत होती.